मात्रेआधी मोजमाप

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात स्त्रीबीजं काढण्याची छोटी शस्त्रक्रिया होते, तेव्हा भूल उतरायच्या आत नातेवाईक एकच प्रश्न विचारतात : किती निघाली? बारा म्हटलं की चेहरे खुलतात, तीन म्हटलं की बाहेरच्या बाकावर शांतता पसरते. बाईच्या मनात तो आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा रुतून बसतो. कमी निघाली तर दोष तिच्या शरीराचा, नाहीतर डॉक्टरांनी इंजेक्शनं हलकी दिली, असा निष्कर्ष घरी पोचेपर्यंत तयार असतो. पुढच्या वेळी ‘जास्त पॉवरची’ इंजेक्शनं मागितली जातात आणि ती मिळतातही. या समजुतीला विज्ञानाचा आधार फार थोडा आहे. संप्रेरकांची इंजेक्शनं घेतल्यावर अंडाशय किती बीजं देईल, हे मुख्यतः त्या अंडाशयात त्या महिन्यात काय शिल्लक आहे यावर ठरतं. औषधाची मात्रा त्या शिलकीच्या आतच काम करते. म्हणून या उपचारातलं खरं कौशल्य आधी मोजण्यात आणि मग रोज नजर ठेवण्यात आहे. धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावातल्या जोडप्याला औषध मिळतं, जाहिरात तर घरपोच मिळते. मोजमाप आणि देखरेख मात्र मिळत नाही. सार्वजनिक पैसा आधी तिथे लागला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ते पटण्यासाठी अंडाशयाचा व्यवहार आधी समजून घ्यावा लागेल.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्माला येईपर्यंत त्या दहा-वीस लाखांवर येतात आणि पाळी सुरू होण्याच्या वयात तीन-चार लाख उरतात. प्रत्यक्ष पक्व होऊन बाहेर पडणारी बीजं आयुष्यभरात जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची न वापरताच विरून जातात. गर्भारपण असो, पाळी बंद करणाऱ्या गोळ्या असोत, ही गळती थांबत नाही. दर महिन्याला काही बीजं आपापल्या पाण्याने भरलेल्या सूक्ष्म पिशवीत वाढू लागलेली असतात. या पिशवीला डॉक्टर फॉलिकल म्हणतात. पाळीच्या सुरुवातीला मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते आणि त्या महिन्याच्या तुकडीतली सगळीच फॉलिकल वाढायला लागतात. मग त्यांतलं एक पुढे जातं. ते इस्ट्रोजेन तयार करतं, त्या इस्ट्रोजेनमुळे मेंदू एफएसएच कमी करतो आणि उरलेल्यांचा पुरवठा तुटतो. एक फुटतं, बाकी विरतात. उपचारातली इंजेक्शनं एवढंच करतात की एफएसएच खाली येऊ देत नाहीत. त्या महिन्यात विरून जाणारच होती अशी भावंडंही त्यामुळे वाढतात. तुकडीत पंधरा असतील तर दहा-बारा हाती लागू शकतील. तुकडीतच चार असतील तर पाचवं कुठून येणार?

इंजेक्शनांमुळे साठा लवकर संपतो आणि पाळी लवकर जाते, ही भीती गावातही ऐकू येते आणि शहरातही. वरचा हिशेब लक्षात घेतला तर तिचं उत्तर आपोआप मिळतं. खर्च होतात ती त्या महिन्यात वाया जाणारी बीजं; खालचा मोठा साठा जागचा हलत नाही. दुसरी भीती कर्करोगाची. तिला उत्तर द्यायला दीर्घ काळाचा पाठपुरावा लागतो आणि तो नेदरलँड्समध्ये झाला. पंचवीस हजारांवर स्त्रियांचा सरासरी दोन दशकं मागोवा घेऊन २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अंडाशयाला चेतना देणारे उपचार घेतलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही.

ही संप्रेरकं बाहेरून देता येतील, हे माणसाला कळून फार काळ झालेला नाही. पाळी गेलेल्या स्त्रीचं अंडाशय प्रतिसाद देत नाही, म्हणून मेंदू अधिकाधिक एफएसएच सोडत राहतो आणि ते लघवीतून बाहेर पडतं. इटलीतले शास्त्रज्ञ पिएरो डोनिनी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ते लघवीतून वेगळं काढलं. पुढे औषध बनवण्याइतकी लघवी मिळणार कुठून, असा प्रश्न आला, तेव्हा मठांमध्ये राहणाऱ्या वयस्क जोगिणींकडून ती गोळा करण्यात आली. ब्रूनो लुनेनफेल्ड या डॉक्टरांनी इस्रायलमध्ये हे औषध वापरलं आणि १९६२ साली त्यातून पहिलं मूल जन्माला आलं. ज्यांनी स्वतः संसाराचा त्याग केला होता, त्या स्त्रियांच्या देहातून आलेल्या द्रव्यावर जगभरच्या हजारो घरांत पाळणे हलले. आजही एचएमजी नावाने मिळणारं इंजेक्शन त्याच जातीचं आहे. प्रयोगशाळेत जनुकीय तंत्राने बनवलेलं एफएसएच १९९०च्या दशकाच्या मध्याला आलं. ते अधिक शुद्ध आणि बरंच महाग आहे, पण मुलं होण्याच्या प्रमाणात दोन्हींत मोठा फरक नाही. महाग इंजेक्शनासाठी कर्ज काढण्याआधी हे कुणीतरी सांगायला हवं.

अंडाशयाला चेतना द्यायची की निसर्ग देईल त्या एका बीजावर विसंबायचं, हा वाद टेस्ट ट्यूब बेबीच्या जन्मापासूनचा आहे आणि त्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. २५ जुलै १९७८ला इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली. तिच्या वेळी उपचार करणारे शास्त्रज्ञ एडवर्ड्स आणि डॉक्टर स्टेप्टो यांनी संप्रेरकं दिली नव्हती. आधीच्या वर्षांत त्यांनी ती देऊन पाहिली होती, पण गर्भाशयात सोडलेला गर्भ टिकत नव्हता, म्हणून ते नैसर्गिक पाळीतल्या एकाच बीजाकडे वळले. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या उपचारातून एका मुलीचा जन्म झाला. मुखर्जींनी उलट वाट धरली होती. त्यांनी एचएमजी देऊन एकाहून जास्त बीजं मिळवली, गर्भ गोठवून ठेवला आणि नंतरच्या पाळीत, गर्भाशय संप्रेरकांच्या माऱ्यातून मोकळं झाल्यावर, तो आत सोडला. त्यांच्यावर सरकारी चौकशी बसली, दाव्यावर विश्वास ठेवला गेला नाही, त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी जीवन संपवलं. ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या पुनरुत्पादन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली आणि ती देशातली पहिली म्हणून गाजली. पुढे मुखर्जींची कागदपत्रं आनंद कुमारांच्या हाती आली. ती तपासून त्यांनी १९९७ साली स्वतःच लेख लिहून सांगितलं की पहिला मान मुखर्जींचा आहे. आपल्या चमूच्या शिरपेचातला तुरा आपल्या हाताने काढून दुसऱ्याला देणारा शास्त्रज्ञ मुंबईत होऊन गेला, ही मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. माझ्या मुद्द्याला त्यातलं आणखी एक सूत्र उपयोगी आहे. बीजं घेण्याचा महिना वेगळा आणि गर्भ सोडण्याचा महिना वेगळा, ही मुखर्जींची मांडणी आज जगभर सुरक्षिततेसाठी वापरली जाते. अंडाशय काय सांगतंय ते ऐकून पुढचं पाऊल ठरवायचं, हा विचार तिच्या मुळाशी आहे.

मात्रा वाढवली तर बीजं वाढतात का? काही मर्यादेपर्यंत वाढतात. इंग्लंडमध्ये १९९१ ते २००८ या काळात झालेल्या चार लाखांहून अधिक उपचारफेऱ्यांची नोंद तपासणारा अभ्यास २०११ साली आला. बीजांची संख्या पंधराच्या आसपास जाईपर्यंत मूल होण्याची शक्यता वाढत जाते, पंधरा ते वीसमध्ये ती तिथेच थांबते आणि विसाच्या पुढे उतरते, असं त्यात दिसलं. यावरून कुणी म्हणेल, मग प्रत्येकीची पंधरा बीजं काढायचा प्रयत्न का करू नये? कारण ज्यांची पंधरा निघतात त्यांचा साठाच मोठा असतो; संख्या हे त्या साठ्याचं लक्षण आहे. कमी साठा असलेल्या स्त्रीला मात्रा चढवून पंधरावर नेता येत नाही. हे नुसतं तर्काने सांगायची गरज नाही. नेदरलँड्समध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, कमी प्रतिसादाचा अंदाज असलेल्या ५११ स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीची १५० युनिटची मात्रा आणि दुसऱ्याला त्याच्या दीडपट ते तिप्पट. दीड वर्षाच्या अखेरीस दोन्ही गटांत मुलं जवळपास सारखीच झाली. खर्च मात्र चढ्या मात्रेच्या गटात जास्त झाला. सोयाबीनच्या शेतात रोपंच विरळ उगवली असतील तर खताची गोणी वाढवून उतारा वाढत नाही, हे धाराशिवच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. अंडाशयाच्या बाबतीत तेच सांगायला चाचणी करावी लागली.

दुसऱ्या टोकाचा धोका तर याहून गंभीर आहे. पीसीओडी, म्हणजे अंडाशयात अनेक लहान फॉलिकल साचून बीज नियमित न फुटण्याची स्थिती असलेल्या, विशेषतः तरुण आणि सडपातळ स्त्रीच्या अंडाशयात वाढायच्या तयारीतली फॉलिकल भरपूर असतात. तिला सरसकट मात्रा दिली तर वीस-तीस फॉलिकल एकदम फुगतात. त्यानंतर बीज पक्व करण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन दिलं, ज्याला दवाखान्यात ट्रिगर म्हणतात, की रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात साचू लागतं. पोट तट्ट फुगतं, उलट्या होतात, लघवी कमी होते, रक्त घट्ट होऊन गुठळ्या होऊ शकतात. या स्थितीला ओएचएसएस म्हणतात आणि क्वचित ती जिवावर बेतते. यावर आज चांगला उपाय आहे. मधल्या दिवसांत बीज अकाली फुटू नये म्हणून द्यायची औषधं एका विशिष्ट प्रकारची निवडली, तर एचसीजीऐवजी दुसरं, शरीरातून लवकर ओसरणारं ट्रिगर देता येतं. आणि गर्भ त्याच महिन्यात न सोडता गोठवून ठेवला तर हा धोका जवळजवळ नाहीसा होतो. पण ही वाट धरायची तर कोणत्या बाईचं अंडाशय फुगणार आहे, हे आधी कळायला हवं आणि सातव्या-आठव्या दिवशी सोनोग्राफीवर दिसायला हवं. जिची तपासणी चुकली तिच्यासाठी हे ज्ञान पुस्तकातच राहतं.

मग मोजायचं काय? दोन गोष्टी. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांतली लहान फॉलिकल मोजणं, आणि एएमएच नावाची रक्ततपासणी. दोन्हींतून तुकडी किती मोठी आहे याचा अंदाज येतो आणि मात्रा ठरवता येते. इतकंच त्यांचं काम आहे. दुर्दैवाने एएमएचचा कागद आता निकालपत्रासारखा वापरला जातो. सव्वीस वर्षांच्या मुलीचा एएमएच कमी आला की ‘बीजं संपत आली, ताबडतोब टेस्ट ट्यूब करा’, किंवा थेट ‘दुसरीचं बीज घ्या’, असा सल्ला मिळतो. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्यांना आणि नेहमीसारखा असलेल्यांना सहा महिन्यांत दिवस राहण्याचं प्रमाण सारखंच निघालं. निसर्गाला दर महिन्याला एकच बीज लागतं, त्यामुळे तुकडी लहान असली तरी त्याचं काम अडत नाही. बीजाचा दर्जा ठरतो मुख्यतः वयाने. इथे एक रास्त आक्षेप येतो : भारतीय स्त्रियांचा साठा लवकर ओसरतो, मग घाई करणं बरोबरच नाही का? पहिली गोष्ट खरी आहे. स्पॅनिश आणि भारतीय स्त्रियांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात भारतीय अंडाशयं सुमारे सहा वर्षांनी ‘वयस्क’ आढळली, आणि आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वयही पाश्चात्त्य देशांच्या मानाने चार-पाच वर्षांनी अलीकडचं आहे. म्हणून पस्तिशीच्या आसपास पोचलेल्या स्त्रीने वेळ दवडू नये, हे मी ठामपणे म्हणेन. पण मराठवाड्याच्या गावातली जी बाई मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या चढते, ती बहुधा विशी-पंचविशीतली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झाली होती. लग्नाला चार वर्षं झाली की सासरचे अधीर होतात, तेव्हा ती जेमतेम बावीसची असते. तिच्या बाजूने काळ आहे. घाई तिच्या अंडाशयाला नाही, भोवतालच्या माणसांना आहे.

अशा तरुण स्त्रीत बीजच फुटत नसेल, तर पहिला उपाय इंजेक्शनाचाही नाही. १९६७पासून वापरात असलेली क्लोमिफिनची गोळी मेंदूला इस्ट्रोजेन कमी असल्याचा भास करून देते आणि तो एफएसएच वाढवतो. लेट्रोझोल ही मुळात स्तनाच्या कर्करोगावरची गोळी. ती इस्ट्रोजेन तयार होणंच काही दिवस कमी करते आणि परिणाम तोच साधते. या गोळीची भारतातली कथा बोलकी आहे. मुलांमध्ये व्यंग येण्याच्या भीतीने ऑक्टोबर २०११मध्ये केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी घातली. २०१४ साली अमेरिकेत पीसीओडी असलेल्या ७५० स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना मूल झालं, क्लोमिफिन घेणाऱ्या १९.१ टक्के स्त्रियांना. आणि व्यंगांच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. २०१७च्या फेब्रुवारीत आपल्याकडची बंदी उठली. आता पीसीओडीमध्ये ती पहिल्या पसंतीची मानली जाते. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायची ही गोळी एखाद्या चांगल्या जेवणापेक्षाही कमी पैशांत येते. म्हणजे जिथे सर्वाधिक गरज आहे तिथे औषध स्वस्त आहे. मग अडतं कुठे?

अडतं ते गोळीच्या आधी आणि नंतर. आधी नवऱ्याचं वीर्य तपासायला हवं, कारण मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण पूर्णपणे किंवा अंशतः असतं. बाईच्या नळ्या मोकळ्या आहेत का तेही पाहायला हवं, कारण आपल्याकडे क्षयरोग नळ्यांत आणि गर्भपिशवीत लपून बसतो आणि बंद नळीतून कितीही फुटलेलं बीज पुढे जात नाही. हे न करता सहा-सहा, आठ-आठ महिने गोळ्या दिल्या जातात. बाई दर महिन्याला पाळी आली की रडते, आणि ज्याची तपासणी पाच मिनिटांची आहे तो नवरा ‘माझ्यात काय दोष असणार’ म्हणून दूर राहतो. नंतर लागते फॉलिकल स्टडी : दहाव्या-बाराव्या दिवशी सोनोग्राफी करून बीज वाढलं का, किती वाढली, फुटलं का, हे पाहणं. गोळ्यांच्या फेरीत एकदा-दोनदा पुरतं. इंजेक्शनांच्या फेरीत मात्र दर एक-दोन दिवसांनी जावं लागतं आणि ट्रिगर तर घड्याळ लावून घ्यावं लागतं, कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांच्या बेतात बीजं काढायची असतात. बेंबळीहून धाराशिव, लातूर किंवा सोलापूर गाठायचं म्हणजे प्रत्येक वेळी दोघांचा दिवस मोडतो, रोज बुडतो, आणि रानात सुगी असेल तर घरचे कुरकुरतात. रात्री दहाचं ट्रिगर गावात कोण देणार? काही इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवावी लागतात. लाइट गेली तर? हे प्रश्न कुठल्याच जाहिरात-फलकावर नसतात. म्हणून गावातली बाई एक तपासणी चुकवते, मग दुसरी, आणि डॉक्टरही अंदाजाने मात्रा पुढे रेटतात. नजर सुटली की मात्रा चढते. कमी साठ्याच्या बाईचे पैसे वाया जातात, जास्त साठ्याच्या बाईचा जीव धोक्यात येतो, आणि तीन-चार फॉलिकल एकदम फुटून तिळी राहिली तर अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचं संकट वेगळंच.

लोकसंख्येने वाकलेल्या देशात मूल होण्यासाठी सरकारने खर्च का करावा, असा आक्षेप शहाणी माणसंही घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं की जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. इतकी मोठी गोष्ट चैनीत मोडता येत नाही. आणि आपल्या भागात मूल न झालेल्या बाईची किंमत आकड्यांपलीकडची आहे. तिला डोहाळजेवणाला, बारशाला बोलवायचं टाळतात. तिच्या पुढ्यात नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी होतात. तुळजापूरच्या भवानीला नवस बोलून ती ओटी भरते, ते तिचं बळ आहे आणि त्याचा मान राखायला हवा. पण नवस फिटेपर्यंत तिची तपासणीही झालेली असावी. शिवाय याच टापूत स्त्रीच्या या अवयवांशी व्यवस्था कशी वागली, ते आपण पाहिलं आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजार ३०९ स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. पांढरं जाणं, पोटदुखी अशा तक्रारींवर, कधी तिशीही न गाठलेल्या बाईची पिशवी काढून टाकायला इथे सोय आहे. त्याच बाईचं अंडाशय दर महिन्याला काय करतंय ते बघायला नाही. दोन्हींचं मूळ एकच. तपासून बघण्याऐवजी थेट शेवटचा उपाय करण्याची सवय लागली आहे आणि तिचा पैसाही होतो.

सोनोग्राफी सोपी केली तर मुलींचे गर्भ ओळखून पाडण्याला पुन्हा वाव मिळेल, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. २०११च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, ही आठवण ताजी राहिलीच पाहिजे. पण माझी मागणी गावोगाव फिरत्या यंत्रांची नाही. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी झालेली यंत्रं आहेतच. तिथे आठवड्यातून तीन ठरावीक सकाळी फॉलिकल मोजायला प्रशिक्षित डॉक्टर बसवणं, वीर्यतपासणीची चांगली सोय करणं, नळ्यांची तपासणी करणं, लेट्रोझोल औषधसाठ्यात ठेवणं आणि ट्रिगरचं इंजेक्शन गावाजवळच्या आरोग्य केंद्रात रात्रीही मिळेल याची जबाबदारी परिचारिकेकडे देणं, एवढं पुरे आहे. यंत्र जिथल्या तिथे राहतं, नोंदवही तीच राहते. गरोदर नसलेल्या बाईच्या तपासणीची नोंदही त्याच शिस्तीत होते. टेस्ट ट्यूबच्या प्रयोगशाळेचा विचार त्यानंतरचा. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२३पासून सरकारी खर्चाने ती सोय झाली आहे, तेव्हा सरकारला हे जमत नाही असं म्हणता येणार नाही. आयुष्मान भारत योजनेतून मात्र वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. तिथे किमान तपासण्या आणि गोळ्या घेतल्या गेल्या, तरी कित्येक जोडप्यांना लाखाच्या घरातल्या उपचारापर्यंत जावंच लागणार नाही.

कायद्याने एका ठिकाणी अंडाशयाच्या प्रतिसादाला थेट आकडा लावला आहे, त्याचीही दखल घ्यायला हवी. सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञानाच्या २०२१च्या कायद्यानुसार बीजदान करणारी स्त्री २३ ते ३५ वयाची हवी, तिने आयुष्यात एकदाच बीज द्यावं आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढू नयेत. डॉक्टर म्हणतात, तरुण अंडाशय नेमकी सातच बीजं देईल असं कसं ठरवणार? मंद मात्रेलाही दहा येतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. निसर्ग कायद्याचा आकडा वाचत नाही. तरीही मी या मर्यादेच्या बाजूचा आहे. बीज देणारी बाई बहुतेकदा गरजू असते आणि तिच्या अंडाशयातून जितकी जास्त बीजं निघतील तितका फायदा दुसऱ्याचा असतो. धोका मात्र सगळा तिचा. आकडा लहान ठेवला की मात्रा चढवण्याचं कारणच उरत नाही. नियमात थोडी लवचीकता आणायची असेल तर ती काढलेल्या बीजांत न देता दिलेल्या मात्रेच्या नोंदीत द्यावी : किती युनिट, किती दिवस, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दिसलं पाहिजे.

ही नोंद सगळ्याच स्त्रियांना हातात मिळायला हवी, आणि हे उद्यापासून करता येण्यासारखं आहे. अंडाशय कसा प्रतिसाद देईल याचा सर्वांत भरवशाचा अंदाज एएमएचमधून मिळत नाही, मागच्या फेरीतून मिळतो. पहिल्या फेरीत पाळीच्या दुसऱ्या दिवशी किती फॉलिकल होती, कोणतं औषध किती युनिट किती दिवस दिलं, कितव्या दिवशी कोणत्या मापाची किती फॉलिकल वाढली, ट्रिगर कोणतं आणि किती वाजता दिलं, बीजं किती निघाली, त्यांतली पक्व किती, एवढं एका पानावर मराठीत लिहून दिलं तर पुढचा डॉक्टर त्यावरून मात्रा ठरवू शकतो. आज बेंबळीची बाई लातूरहून सोलापूरला जाते तेव्हा तिच्या पिशवीत बिलांचा गठ्ठा आणि सोनोग्राफीचे पुसट झालेले फोटो असतात. नवीन दवाखान्यात पुन्हा सगळ्या तपासण्या होतात आणि पहिल्या फेरीत तिच्या शरीराने जे सांगितलं होतं ते पुन्हा पैसे मोजून विचारावं लागतं. ते पान मागण्याचा तिला अधिकार आहे. फेरीचे पैसे भरतानाच तिने ते लेखी मागून घ्यावं.